वॉटफर्डची शिरगणती

आमच्या स्लाऊच्या घरातल्या पुढच्या खोलीत अकरा माणसं बसू शकत. सोफ्यावर तीन, सोफ्याच्या जोडीच्या खुर्च्यांत दोन, जेवणाच्या टेबलापासून ओढून आणलेल्या खुर्च्यांवर चार आणि रेडिएटरला पाठ टेकून जमिनीवर दोन. थंडीत ही शेवटची जागा मिळावी म्हणून लोक दहा मिनिटं आधी येत. मराठी मंडळाच्या समितीत तेरा घरं होती, म्हणजे खरं तर दोन माणसं उरायला हवी होती. पण परांजपे काका निवृत्त होऊन पुण्याला परत गेले होते आणि राजवाडे काका बोर्नमथला समुद्राकाठी राहायला गेले होते. मत मात्र दोघांनीही सोडलं नव्हतं. राजवाडे फोनवर मत देत आणि परांजपे टपालानं, निळ्या एरोग्रामवर. त्यामुळे खोलीचा आणि समितीचा हिशेब बरोबर जुळत असे. वारा फिरला की हीथ्रोची विमानं आमच्या छपरावरून उतरत. तेव्हा बोलणारा माणूस बोट वर करून वाक्य धरून ठेवी आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करी. आमच्याकडच्या बैठका त्यामुळे लांबत, पण शांततेतही होत. कारण दर दोन-तीन मिनिटांनी सगळ्यांनाच गप्प बसावं लागे.

बाबा मंडळाचे सेक्रेटरी होते. नोकरीत ते ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रातून आलेला भाग मापात बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल, एवढंच काम त्यांनी अनेक वर्षं केलं आणि कंटाळा आल्याचं एकदाही म्हटलं नाही. आई शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिथले कस्टर्ड पावडरचे मोठे रिकामे डबे ती घरी आणी, त्यामुळे आमची तूरडाळ, बेसन, पोहे सगळं कस्टर्डच्या डब्यांत असे आणि नवा पाहुणा साखर शोधायला गेला की चार वेळा फसे. समितीच्या दिवशी ती कोबीची भजी करी. कढईत भजी पडल्याचा आवाज आला की पुढच्या खोलीतले मतभेद तेवढ्यापुरते मिटत.

मंडळ तेरा घरांनी काढलं होतं आणि तेरा घरांना तेरा मतं होती. तेव्हा स्लाऊच्या आसपास मराठी माणसं तेवढीच होती, म्हणून तो नियम कोणाला खटकला नाही. नंतर नवे लोक स्लाऊला येईनासे झाले; त्यांना नोकऱ्या आणि परवडणारी घरं वॉटफर्डकडे मिळत. वॉटफर्डचे लोक चार वर्षं आमच्या गणपतीला येत होते, पुऱ्या लाटत होते, हॉल झाडत होते, पण त्यांना मत नव्हतं. आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. तेरा घरांची आडनावं वाचली की त्यांच्या जाती कळत, आणि त्या फार वेगवेगळ्या नव्हत्या. वॉटफर्डची आडनावं जास्त प्रकारची होती. यावर आमच्या पुढच्या खोलीत कोणी कधी बोललं नाही.

मी त्या वर्षी सतरा वर्षांची होते आणि ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, इतिहास घेतला होता. गणित, अर्थशास्त्र आणि इतिहास. गोखले काका, म्हणजे आमचे अध्यक्ष, पहिल्या दोन विषयांना मान डोलवत आणि तिसऱ्याचं नाव काढलं की आईकडे सहानुभूतीनं बघत. इतिहासात आम्हाला सुरुवातीची अमेरिका होती: तेरा वसाहतींचं नवं राष्ट्र, पश्चिमेकडे मिळत गेलेली जमीन आणि ती जमीन राज्यं म्हणून कशी आत घ्यायची यावरची भांडणं. शिकवायला मिस्टर प्रॉसर नावाचे वेल्श गृहस्थ होते. ते फळ्यावर अमेरिकेचा नकाशा काढत आणि दर वेळी फ्लोरिडाला जागा कमी पडे. वर्गातली बाकीची मुलं कंटाळत. मला मात्र ते फार आवडे, कारण त्या इतिहासात आकडे होते. किती लोक झाले की विधानसभा, किती झाले की राज्य, सिनेटमध्ये दोन्ही बाजू समान कशा राखायच्या. मला वाटे, इतकी नीटनेटकी माणसं मी आमच्या घराबाहेर प्रथमच पाहते आहे. मिस्टर प्रॉसर एकदा म्हणाले होते, "कोणी सांगितलं की भांडण फक्त आकड्यांचं आहे, तर विचारायचं, मग कशाचं आहे?" मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि विसरून गेले.

गणपतीनंतर वॉटफर्डहून कांबळे काकांचं पत्र आलं. कांबळे काका मूळ नागपूरचे, रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनिअर. घरचे बौद्ध. बोलणं हळू आणि पत्र त्याहून मोजकं. त्यांनी वॉटफर्डच्या सतरा घरांतर्फे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, वॉटफर्डला स्लाऊच्या बरोबरीनं मत. दोन, मंडळ जसा गणपती करतं, संक्रांत करतं, तशी येत्या चौदा एप्रिलला जयंती करावी. त्या पत्रावर आमच्या पुढच्या खोलीत पावणेतीन तास चर्चा झाली. पहिल्या मागणीवर पावणेतीन तास, दुसरीवर एक वाक्य.

"ते एप्रिलचं पुढे बघू," गोखले काका म्हणाले. वरून विमान गेलं. ते गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "आपलं मंडळ सांस्कृतिक आहे हो. राजकारण नको."

"मग पहिली मागणी?" बाबांनी पेन उघडून विचारलं.

"त्यांची सतरा घरं, आपली तेरा. उद्या आपल्यालाच बाहेर काढतील."

"सतरा घरांना मिळून तेरा मतं द्यावीत. तेराला तेरा."

"तरी बरोबरी झाली की! बरोबरीत काही ठरत नाही."

"मग असं करू," गोखले काका म्हणाले, "वॉटफर्ड घ्यायचंच असेल तर बरोबर मेडनहेडही घेऊ. तिथले देशपांडे आपल्या विचारांचे आहेत. तोल राहील."

"मेडनहेडला घरं किती?"

"एक. पण अजून एक येणार आहे असं ऐकतो."

मी भज्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्याच आठवड्यात आम्ही शाळेत मिसूरी शिकलो होतो. गुलामगिरी असलेलं मिसूरी आत घ्यायचं म्हणून तोल राखायला गुलामगिरी नसलेलं मेन नावाचं नवं राज्य मॅसॅच्युसेट्सपासून कापून काढलं, ते. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आधी झालंय."

"कुठे?" बाबा म्हणाले.

"अमेरिकेत."

एवढं बोलून मी ट्रे ठेवून जायला हवं होतं. पण सतराव्या वर्षी एखादी गोष्ट येत असली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. (आता पन्नाशी ओलांडल्यावरही राहवत नाही, पण ऐकणारे कमी झाले आहेत.) मी त्या अकरा जणांना नव्या प्रदेशांचा कायदा समजावून सांगितला. प्रदेशात साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की त्याचं राज्य होतं, आणि ते जुन्या तेरा राज्यांच्या अगदी बरोबरीनं. जुन्यांची मर्जी, ओळखी, आडनावं काही नाही. आकडा भरला की आत.

"साठ हजार मराठी माणसं आणायची कुठून?" गोखले काका म्हणाले.

"हजार काढून टाका," बाबा म्हणाले.

अशा रीतीनं साठाचं कलम जन्माला आलं. कोणत्याही गावात मंडळाची साठ माणसं झाली की त्या गावाला स्लाऊएवढीच, म्हणजे तेरा मतं. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कल्पना माझी आणि अक्षरही माझं बरं. माणसं म्हणजे कोण, हे ठरवायला दुसरी बैठक झाली. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईवडील धरायचे नाहीत, हे एकमतानं झालं. मग मुलांचा प्रश्न आला. गोखले काका म्हणाले, "कार्यक्रमाला मुलांचं तिकीट अर्धं, तर डोकंही अर्धं. साधी गोष्ट आहे." मला ते इतकं नीट वाटलं की मी लगेच लिहून घेतलं: 'सोळा वर्षांखालील प्रत्येक मूल अर्धी व्यक्ती समजावे.' वॉटफर्डची घरं तरुण होती आणि त्यांच्या घरांत पोरं भरलेली होती. स्लाऊची पोरं मोठी होऊन विद्यापीठांत गेली होती. हे अकराही जणांना माहीत होतं. मला सुचलं नाही. त्याच आठवड्यात मी अमेरिकन घटनेतल्या तीन पंचमांशाच्या कलमावर निबंध लिहिला होता, ज्यात गुलाम माणूस मोजताना पाच भागांपैकी तीन धरायचा असं होतं. त्या निबंधाला पंचवीसपैकी बावीस गुण मिळाले. तीन कशाचे गेले ते मी तेव्हा मिस्टर प्रॉसरना जाऊन विचारलं होतं. आज मला वाटतं, आणखी जायला हवे होते.

शिरगणतीसाठी दोन शनिवार ठरले. बाबा गाडी चालवणार, मी क्लिपबोर्ड घेऊन घरोघरी जाणार. बाबांनी ठरवलं की सेक्रेटरीनं मोजणीवर प्रभाव टाकणं योग्य नाही, म्हणून ते गाडीतच बसणार. पहिला शनिवार बरा गेला. दुसऱ्या शनिवारी मात्र वॉटफर्डभर निरोप गेला होता की दामले गाडीत बसतात आणि आत येत नाहीत. कोणतंही मराठी घर हे सहन करणार नव्हतं. मी आत माणसं मोजत असे आणि घरातलं कोणी तरी बाहेर गाडीच्या खिडकीतून चहा देत असे. बाबांनी नको म्हटलं तर बरोबर चिवडा येई. मला आत वेगळंच काम पडे. जोगळेकर काकू, ज्यांना मत हवंच होतं आणि ते त्या दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, त्यांनी सासूबाईंना माझ्यासमोर आणून बसवलं.

"यांना धर."

"काकू, व्हिसावरच्या धरायच्या नाहीत."

"अगं, चार वर्षांत तिसऱ्यांदा आल्या आहेत. म्हणजे दीड वर्ष इथेच की. किमान पाव तरी धर!"

शेजारच्या घरात नवीन लग्न झालेल्या सूनबाईंनी पोटावर हात ठेवून विचारलं, "हे मार्चमध्ये येणार आहे. आगाऊ नाव नोंदवता येतं का?" मी नियम पाहिला. नियमात काही नव्हतं. मी समासात 'मार्च' असं लिहून प्रश्नचिन्ह केलं. ते अजून माझ्याकडच्या कागदावर आहे. ते मूल आता लग्नाचं आहे.

कांबळ्यांचं घर त्या दिवशीचं नववं होतं. बाबांनी तोवर आठ कप चहा घेतला होता, आणि प्रभाव टाकायचा नाही हा निश्चय तिथे संपला. ते गाडीतून उतरले, दारात "नमस्कार, जरा..." एवढंच म्हणाले आणि कांबळे काकूंनी काही न विचारता जिन्याखालचं दार दाखवलं. काकू नर्स होत्या. त्यांना माणसाच्या चालीवरून कळत असे. बाबा आत गेले. मी बैठकीच्या खोलीत क्लिपबोर्ड मांडीवर घेऊन बसले. त्या टॉयलेटचं दार आणि ती खोली यांच्यामध्ये फक्त एक पातळ भिंत होती.

घरात कांबळे काका, काकू, दहा वर्षांचा आनंद आणि सहा वर्षांची प्रज्ञा. प्रज्ञा माझ्या खांद्यावरून कागद बघत होती.

"ताई, what are you writing?"

"तुमच्या घरात माणसं किती ते."

"आम्ही चार."

"तीन," मी म्हणाले. "म्हणजे आई एक, बाबा एक, तू अर्धी आणि आनंद अर्धा."

प्रज्ञानं स्वतःकडे खाली बघितलं. मग माझ्याकडे. "Which half?"

"The half that eats," आनंद म्हणाला.

"ताई, but which half? वरचा की पाय?"

मी हसले, पण खोलीत दुसरं कोणी हसलं नाही. कांबळे काकांनी चष्मा काढून पुसला. "मेघना, हा नियम कोणी केला?"

"समितीनं."

"लिहिला कोणी?"

"मी."

"शाळेत सध्या काय चाललंय?"

"अमेरिकेचा इतिहास, काका. घटना आणि नंतरची राज्यं."

"अच्छा." त्यांनी चष्मा परत घातला. "तिथे पाचांतले तीन भाग धरत होते. म्हणजे शून्य पूर्णांक सहा. तुम्ही शून्य पूर्णांक पाच धरलंय. त्यांच्यापेक्षा एक दशांश कमी." ते रागावून बोलले नाहीत. सिग्नलचा आराखडा वाचावा तसं बोलले. तेवढ्यात भिंतीपलीकडे पाणी सोडल्याचा मोठा आवाज झाला आणि तो संपेपर्यंत आम्ही सगळे, विमान जाताना थांबतो तसे, थांबून राहिलो.

मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून मोजता आलेली नाही. दोन गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत, हे मला माहीत आहे आणि तेव्हाही माहीत होतं. तिथल्या माणसांना मत तर नव्हतंच, शिवाय त्यांचा आकडा त्यांच्याच मालकांचं वजन वाढवत होता. प्रज्ञाला कोणी विकत घेतलेलं नव्हतं. पण मी मिस्टर प्रॉसरसाठी लिहिलेल्या चार पानांत एक वाक्य होतं, की नियम करणाऱ्यांना हवा तो निकाल आधी ठाऊक असतो आणि अपूर्णांक मागाहून शोधला जातो. ते वाक्य माझंच होतं. त्याच्या शेजारी बरोबरची खूण होती.

निघताना कांबळे काका दारापर्यंत आले. "साठ भरले नाहीत तर मत नाही, हे समजलं. मत नाही तर चौदा एप्रिल नाही, हेही समजलं. मग आम्ही पुढच्या गणपतीला येणार नाही, हे तू समजून घे. पोरांना 'आपण फक्त पुऱ्या लाटायला जातो' असं मला सांगता येणार नाही." बाबा तोवर गाडीशी पोचले होते आणि टायरमध्ये हवा आहे की नाही ते बघत होते. हवा होती.

उरलेली घरं करून आम्ही परत आलो. वॉटफर्डची सतरा घरं, मोठी माणसं अडतीस, मुलं सव्वीस. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कागद आखला आणि दोन रकाने केले. अर्धी मुलं धरून एक्कावन्न. पूर्ण धरून चौसष्ट. मग कलम पुन्हा वाचलं. त्यात 'कोणत्याही गावात' असं होतं. मी अपवाद लिहिलेला नव्हता, म्हणून स्लाऊही मोजलं. त्यासाठी गाडीची गरज नव्हती, सगळी घरं मला पाठ होती. बाबांच्या हातात कागद दिला तेव्हा आई कस्टर्डच्या डब्यातून बेसन काढत होती.

"नियमात रकाना एक आहे," बाबा म्हणाले. "तू दोन केलेस."

"नियम चुकलाय."

"मग सभेत दुरुस्ती मांडायची. माप पटलं नाही म्हणून तपासनीस फूटपट्टी कापत नसतो."

"तुम्ही मांडाल?"

"मी सेक्रेटरी. मी मांडत नाही, मी लिहितो."

"सगळं आयुष्य असं लिहीतच काढा," आई डब्यात बघत म्हणाली. "तिला मांडू दे. आणि त्या बाईनं तुम्हाला वेळेवर दार दाखवलं, ते विसरू नका."

नंतर मी पाहिलं, बाबांनी माझी यादी घेतली होती आणि प्रत्येक नावासमोर बारीक पेन्सिलची खूण करत होते.

सर्वसाधारण सभा संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर हॉलमध्ये झाली. बायका काळ्या साड्यांत होत्या, वर कार्डिगन. सगळ्यांनी सगळ्यांना तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगितलं आणि मग खुर्च्या वळवून भांडायला बसले. स्लाऊचे मतदार पुढे, वॉटफर्डचे लोक मागे. त्यांना ऐकायची परवानगी होती. मी आधी नियमाप्रमाणे आकडा वाचला. वॉटफर्ड, एक्कावन्न. पुढच्या रांगेत समाधान पसरलं. मग वाचलं, मुलं पूर्ण माणसं धरली तर चौसष्ट, आणि माझी दुरुस्ती अशी आहे की ती पूर्ण धरावीत. अर्ध्याचं वाक्य मीच लिहिलं होतं आणि ते चुकीचं होतं.

"नियम म्हणजे नियम," गोखले काका म्हणाले. "साठ म्हणजे साठ. भरले नाहीत, विषय संपला."

"काका, अजून एक गाव आहे," मी म्हणाले. "स्लाऊ. मोठी माणसं एकोणतीस, मुलं सात. नियमाप्रमाणे साडेबत्तीस."

हॉलमध्ये कोणाच्या तरी तोंडात तिळाचा लाडू फुटल्याचा आवाज आला.

"आमची मोजदाद कोणी सांगितली तुला?"

"नियमात 'कोणत्याही गावात' असं आहे."

"अगं, स्लाऊ गाव नाही! स्लाऊ संस्थापक आहे!"

"संस्थापक साडेबत्तीस!" मागून जोगळेकर काकू ओरडल्या. "अहो, मग तुम्हीच आमच्याकडे पाहुणे! या, पुऱ्या लाटायला या!"

नंतरची दहा मिनिटं बाबांच्या इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढीच आहेत. शेवटी दुरुस्ती मताला टाकली. राजवाडे फोन उचलत नव्हते. हात वर झाले: बाजूनं पाच, विरुद्ध पाच. बाबांनी स्वतःचा हात अजून वर केला नव्हता. गोखले काकांनी खिशातून निळा एरोग्राम काढला. "परांजप्यांचं मत आहे. विरुद्ध."

"कशाच्या विरुद्ध?" बाबांनी विचारलं.

गोखले काकांनी चष्मा लावून वाचलं. "'वॉटफर्डबाबत जे काही असेल, त्यास माझा विरोध समजावा.'"

"पत्र टाकलं कधी?"

"तीन आठवडे झाले."

"दुरुस्ती आज आली," बाबा म्हणाले. "वस्तू तयार होण्याआधी लावलेली चिठ्ठी धरता येत नाही. ना लाल, ना हिरवी." त्यांनी एरोग्रामची नीट घडी करून परत दिली आणि मग, बसल्याबसल्याच, कोपरात वाकलेला असा हात वर केला, जणू तो कोणाला दिसू नये असं वाटत होतं. "बाजूनं सहा."

"अहो दामले! पोरगी तुमची म्हणून?"

"पोरगी माझी, आकडा तिचा," बाबा म्हणाले. "आकडा मी तपासलाय. चौसष्ट माणसं आहेत. मी सहा घरांना परत फोन केले होते."

चौदा एप्रिलचा कार्यक्रम वॉटफर्डच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. स्लाऊच्या तेरांपैकी आठ घरं आली. गोखले काका आले नाहीत, गोखले काकू आल्या आणि शेवटपर्यंत थांबल्या. आनंदनं मराठीत भाषण केलं आणि त्यात 'माझी आई' ऐवजी 'माझा आई' म्हणाला, पण कोणी हसलं नाही, कारण स्वतःची पोरं पुढे बोलायची होती. बाबा दुसऱ्या रांगेत टाय लावून बसले होते. कांबळे काकांशी ते त्या दिवशी दोन वाक्यं बोलले, दोन्ही पार्किंगबद्दल.

खुर्च्या आवरत असतानाच बाबांनी खिशातून एक नवं पत्र काढून समितीला दाखवलं. ईलिंगच्या मराठी लोकांनाही साठाचं कलम कळलं होतं. त्यांना राज्य व्हायचं होतं.

"ईलिंग?" जोगळेकर काकू म्हणाल्या. त्या आता समितीवर होत्या. "लगेच बरोबरीनं? त्यांनी अजून एक पुरी लाटलेली नाही! जरा थांबू देत की चार वर्षं."

वॉटफर्डच्या आणखी पाच-सहा माना डोलल्या. कांबळे काकांनी त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, हातातली खुर्ची खाली ठेवली, तिच्यावर बसले आणि हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढावा लागला.

"हसताय काय, कांबळे," बाबा म्हणाले. "मोजायला चला. पोरीची परीक्षा आहे, या वेळी आपल्यालाच जायला हवं."

पुढच्या शनिवारी ते दोघं ईलिंगला गेले आणि चहाच्या वेळेला परत आले. मी वरच्या खोलीत अमेरिकेची उजळणी करत होते. खिडकी उघडी होती. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, पण दारावरची बेल वाजली नाही. खाली बघितलं तर दोघं बॉनेटवर कागद पसरून उभे होते. बाबांचा आकडा अठ्ठ्याहत्तर होता, कांबळे काकांचा एकोणऐंशी.

"तो पीटर इंग्रज आहे हो," बाबा म्हणत होते. "मराठी मंडळाच्या मोजणीत इंग्रज कसा धरणार?"

"त्याची बायको मराठी आहे. तो त्या घरात राहतो."

"राहतो. पण मराठी नाही."

"कलमात 'माणसं' असं आहे. तुमच्याच मुलीनं लिहिलंय."

एक विमान आलं. दोघांनीही बोट वर करून धरलं. ते गेलं तेव्हा आई दारात आली होती, पदराला हात पुसत.

"काय झालंय?"

दोघांनीही एकदमच सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. "त्या घरी चहा कोणी केला?"

कांबळे काका म्हणाले, "पीटरनं. आलं घालून."

"आणि कप कोणी विसळले?"

"त्यानंच," बाबा म्हणाले.

"मग आत या आता," आई म्हणाली. "पोहे गार होतायत."

बाबांनी अठ्ठ्याहत्तरवर एक रेघ मारली, शेजारी एकोणऐंशी लिहिलं, नाव-तारीख घातली आणि सही केली. पेन बंद करता करता थांबले आणि ते कांबळे काकांपुढे धरलं.

"तुम्हीही करा," ते म्हणाले. "चुकलं तर दोघांचं चुकू दे."